पावसात पाणी नेणारी गाडी

आमच्या दारात मोटार येऊन उभी राहिली त्या दुष्काळाच्या वर्षी आमच्या घरात हंडाभर पाणीही धड नव्हते. हा क्रम उलटा झाला, असे आई पुढे आयुष्यभर म्हणत राहिली. तिच्या मते आधी नळाला पाणी यावे, मग मुलाचे लग्न व्हावे, आणि त्यातून काही उरलेच तर मोटारीचा विचार करावा. परंतु मोटार तिच्या सख्ख्या भावाने आणली होती, त्यामुळे तिला उघड रागावता येत नव्हते. तो राग भांडी आपटण्यातून बाहेर पडे. भांडीही तेव्हा राखेने घासून फडक्याने पुसली जात, त्यामुळे त्यांचा आवाज कोरडा आणि अधिक बोचरा येई. सकाळी नळाची तोटी फिरवली की आतून पाण्याऐवजी नुसती हवा फुसफुसे. "आला बाई वारा," असे म्हणून आई तोटी बंद करी आणि रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचे पीठ इतक्या कमी पाण्यात मळू लागे की ती भाकरी थापताना कडेने फाटत जाई. ती भाकरी आणि ठेचा हे आमचे दोन्ही वेळचे जेवण. वरण शिजायला पाणी फार लागते म्हणून ते सणावारी.

वडील लवकर गेले होते. घरात आई, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान बहीण सुधा. करमाडचे बापूमामा हे आमच्या घरातले कर्ते पुरुष. ते राहत करमाडला, पण त्यांचा आवाज आमच्या घरात राहत असे. औरंगाबादेत जालना रस्त्याच्या कडेने तेव्हा कारखान्यांच्या शेड उभ्या राहू लागल्या होत्या. शहर रोज थोडे थोडे त्या बाजूला सरकत होते आणि पाणी रोज थोडे थोडे शहरापासून दूर सरकत होते. मामा त्या कारखान्यांना मुरूम पुरवीत. तिथे यंत्रे बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर काम संपवून मायदेशी निघाला, तेव्हा त्याची लाल रंगाची दोन बैठकांची शर्यतीच्या घाटाची मोटार मामांनी एखादी खिलारी जोडी विकत घ्यावी तशी डोळे भरून पाहून विकत घेतली. ती घेताना त्यांनी एकच गोष्ट तपासली नव्हती. मामांचे पोट आणि त्या मोटारीचे स्टिअरिंग ही दोन्ही एकाच वेळी एका जागी मावत नव्हती.

"भाच्या, तू चालव," असे मामा म्हणाले तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, पदार्थविज्ञानात एम. एस्सी. होतो, कॉलेजात शिकवू लागलो होतो आणि सायकलदेखील मॅट्रिकनंतर शिकलो होतो. माझ्या प्रत्येक वाक्याच्या आरंभी 'मला वाटतं' आणि शेवटी 'अर्थात मी चुकत असेन' असे शब्द असत. मधला मजकूर ऐकणाऱ्यापर्यंत बहुधा पोचतच नसे. वर्गातली मुले माझ्या तासाला फळ्याकडे पाहून शिकत, कारण मी बोलतो आहे की नाही याची त्यांना खात्री नसे. अशा माणसाच्या हाती ती मोटार आली. तिचे नाक लांब होते, अंग हलके होते आणि छप्पर कापडाचे होते. म्हणजे कधीकाळी असावे, कारण ते उंदरांनी खाल्लेले होते. इंजिन पुढे आणि त्याची सगळी ताकद मागच्या चाकांना. त्या काळच्या बहुतेक मोटारी तशाच असत, पण त्यांची अंगे जड आणि ताकद बेताची. हिचे मागचे अंग सुपासारखे हलके आणि ताकद मात्र अवाजवी. पाय जरा जास्त पडला की ही मागून आपल्याला गाठण्याचा प्रयत्न करते आहे, असे वाटे.

मोटारीला काम मिळाले ते आईमुळे. मामांच्या करमाडच्या विहिरीला अजून पाणी होते. मामांचे बैल गुरांच्या चारा छावणीत होते, त्यामुळे बैलगाडी नुसतीच उभी. एस.टी.चा कंडक्टर घागरींना आत येऊ देईना, "घागरीला खिडकीची जागा द्यायची का मावशी?" असे त्याने आईला एकदा विचारले आणि त्या दिवसापासून तिने एस.टी. सोडली. मग एके सकाळी तिने लाल मोटारीभोवती एक फेरी मारली, डिकीचे झाकण उचलून पाहिले आणि म्हणाली, "बापू, ह्यात दोन हंडे आणि चार घागरी बसतील. हे झाकण तेवढं काढून टाक." परदेशी इंजिनिअरने ती मोटार पाहिली असती तर त्याला काय वाटले असते, कोण जाणे. झाकण निघाले, आत पोती अंथरली गेली, हंडे आणि घागरी गुरांच्या दाव्याने एकमेकींना बांधल्या गेल्या आणि वरून ओले फडके आले. शर्यतीची मोटार पाणी भरू लागली.

आईचा एक नियम होता. प्रत्येक घागरीच्या गळ्यात, आतल्या बाजूला, तिने खिळ्याने ओरखडा काढला होता. करमाडहून निघताना पाणी त्या ओरखड्याला टेकलेले असले पाहिजे आणि दारात उतरतानाही टेकलेले असले पाहिजे. जितके कमी भरेल तितके पाणी मोटार चालवणाऱ्याच्या अंघोळीतून कापले जाईल. आमच्या घरचे हे एकमेव वाहतूक खाते होते आणि त्याच्या निकालावर अपील नव्हते. सुधाही मोटार चालवायला शिकली. किंबहुना ती माझ्या आधी शिकली, कारण तिला भीती नव्हती. तिने चालवली की आम्ही अर्ध्या वेळात घरी पोचत असू आणि पुढचे दोन दिवस ती ओल्या फडक्याने अंग पुसत असे. मला कॉलेजात चाळीस मुलांसमोर उभे राहायचे होते; अंघोळ सोडणे मला परवडणारे नव्हते. म्हणून मी अशी मोटार चालवायला शिकलो की जणू माझ्या मागे झोपलेले मूल आहे. ब्रेक दाबायचा तो पुढचा खड्डा लांबवर दिसताच, पायाने नव्हे तर जणू पायाच्या विचारानेच. वळण घ्यायचे ते घागरींची परवानगी घेऊन.

"आरं, ही गाडी हाय का देवाची पालखी?" डावीकडच्या बैठकीत एक घागर मांडीवर धरून बसलेले मामा म्हणत. "आपल्या मागून येणारा तो सायकलवाला बघ, बिचारा ब्रेक मारून मारून दमला."

"मामा, मला वाटतं, पाणी..."

"पानी राहू दे. घरी पोचेपर्यंत तुझं लगीन लागून बारसं व्हायचं!"

लग्नाचा विषय तेव्हा घरात निघू लागला होता. पाण्याचा आणि लग्नाचा आमच्या घराण्यात एक जुना संबंध होता, तो इथेच सांगितला पाहिजे. आईचे वडील, म्हणजे करमाडचे आजोबा, मुलगी दिलेल्या घरचे पाणी पीत नसत. आपल्याकडे जुन्या माणसांत ती रीतच होती. लेकीला मूल झाले की मग तिच्या घरचे अन्नपाणी चाले. आजोबा करमाडहून उन्हातून येत, आमच्या ओसरीवर बसत, आईशी घटकाभर बोलत, मग तहान लागली की उठून समोरच्या घरी जात, तिथे तांब्याभर पाणी पीत आणि परत येऊन राहिलेले वाक्य पूर्ण करीत. माझा जन्म झाला त्या दिवशी त्यांनी आमच्या घरचे पाणी पहिल्यांदा घेतले. आई हे पुन्हा पुन्हा सांगत असे, आणि मी जन्माला येऊन कोणाची तरी तहान भागवली, एवढाच काय तो माझ्या पराक्रमांचा हिशेब त्या काळी होता.

माझ्या मनात जी मुलगी होती तिच्याशी मी एक शब्दही बोललो नव्हतो. मी तिला औरंगपुऱ्यात पाहिले होते. पुस्तकांच्या दुकानातून मी बाहेर पडत होतो. समोरच्या गल्लीत एक जीप अडकली होती. पुढे हातगाड्या, मागे टांगा, बाजूला कपड्यांच्या दुकानाची पायरी. जीप चालवणारी मुलगी माझ्याच वयाची. टांगेवाला घोडा मागे घेऊ लागला तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "काका, तुम्ही हलू नका, मी हलते." आणि तिने ती जीप मागच्या मागे, एकही हातगाडी न हलवता, गल्लीबाहेर काढली. मी पुस्तक विकत घ्यायला गेलो होतो की परत करायला, हे मला आठवेना. घरी आल्यावर मी सुधाला सहज म्हणून विचारले की जीप रिव्हर्स घेताना आरशात पाहावे की मान वळवून. सुधाने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि ती ओरडली, "आई! दादाला मुलगी आवडली!" मुलींना हे कसे कळते, याचा नियम पदार्थविज्ञानात अजून सापडलेला नाही.

तिचे नाव मालती. तिचे वडील साळुंके साहेब, मूळचे देवगाव रंगारीचे, मोटारींचे लायसन्स देणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी उभ्या जन्मात माणसांची पारख एकाच रीतीने केली होती आणि जावयाच्या बाबतीत ती रीत बदलण्याचे त्यांना कारण दिसत नव्हते. येणाऱ्या प्रत्येक स्थळाला ते सांगत, "मुलगा शिकलेला आहे, हे चांगलंच आहे. गाडी कशी चालवतो? आमच्या लेकीला जन्मभर शेजारी बसायचंय." एका डॉक्टर मुलाला त्यांनी म्हशीमागे सतत हॉर्न वाजवतो म्हणून परत पाठवले होते. दुसऱ्या एकाला, तो वळणावर बोलतो म्हणून. मामांनी देवगावच्या ओळखीतून निरोप पाठवला तेव्हा उत्तर आले, "येतो. गाडी तुमचीच असू द्या."

त्याआधी एक प्रसंग घडला होता, तो घडला नसता तर पुढचा घडला नसता. शहराच्या कडेला जालना रस्त्याच्या एका वाकणावर टँकर भरण्याची जागा होती. साऱ्या मुलखात ओली जमीन तेवढी तिथेच होती. टँकर गळत, त्यामुळे डांबरावर पाणी, ऑइल आणि धूळ यांचे काळे, चकचकीत लोणी पसरलेले असे. एके सकाळी आम्ही पाणी आणायला करमाडकडे निघालो होतो. घागरी रिकाम्या, चालवायला सुधा, शेजारी मामा आणि मी मागे डिकीत, घागरींच्या सोबतीला. तिने त्या लोण्यावर वळण घेता घेता रेस दिली. पुढचे काय झाले हे मला आकृती काढून सांगता येईल, पण तेव्हा एवढेच कळले की मागचे जग आणि पुढचे जग यांनी जागा बदलल्या. घागरी घंटांसारख्या वाजल्या. मोटार थांबली तेव्हा तिचे नाक ज्या दिशेने आम्ही आलो होतो त्या दिशेला होते.

मामांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिले. मग ते शांतपणे म्हणाले, "सुधे, आपण करमाडला चाललो व्हतो ना? मग हे पुन्हा औरंगाबाद कसं काय दिसायलंय?"

टँकरवाला वर उभा राहून सारे पाहत होता. "बेटी," तो म्हणाला, "गाडी घुमाना था तो बोल देते, रस्ता खाली करा देते!"

त्या संध्याकाळी मी प्रथमच घरात सलग दहा वाक्ये बोललो. आई दिवसाचे पाणी वाटून ठेवत असे. इतके पिण्याचे, इतके स्वयंपाकाचे, इतके अंघोळीचे. त्या भांड्यांकडे पाहत मी सुधाला म्हणालो की टायरची जमिनीवरची पकड हासुद्धा असाच एक शिधा आहे. तो ब्रेकवर खर्च केला तर वळायला उरत नाही, वळण्यावर खर्च केला तर वेग वाढवायला उरत नाही. कोरड्या रस्त्यावर शिधा भरपूर, म्हणून उधळपट्टी खपून जाते. ओल्या रस्त्यावर तो अगदी थोडा. म्हणजे पाऊस हा टायरांच्या दृष्टीने दुष्काळच. म्हणून वळणाआधी, रस्ता सरळ आहे तोवरच, वेग उतरवायचा. वळणात पाय स्थिर. बाहेर पडून चाके सरळ झाली की मग हळूच रेस. आणि मागचे अंग सुटलेच तर ब्रेकवर उडी मारायची नाही; पाय अलगद उचलायचा, शेपूट ज्या बाजूला चालले आहे त्या बाजूला स्टिअरिंग जरासे द्यायचे आणि जिकडे जायचे आहे तिकडेच पाहायचे.

"म्हणजे हळू चालव, एवढंच ना?" सुधा म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "मला वाटतं, एवढंच."

माझा नातू आज बंगळुरात असाच एक मागच्या चाकांवर चालणारा, भरमसाट किमतीचा वाहनप्रकार बाळगून आहे. तो म्हणतो, आजोबा, आमच्या गाडीत चाक सुटलं तर कॉम्प्युटर ते धरतो. मी त्याला विचारले, की मग गेल्या पावसाळ्यात तू फोन करून मला का विचारलेस? तो म्हणाला, कॉम्प्युटरने धरले तेव्हा मी घाबरलो होतो. मी त्याला वरच्याच चार गोष्टी सांगितल्या, आणि टायरांची नक्षी झिजली असेल तर आधी टायर बदल, असे सांगितले. शिध्याची उपमा मात्र त्याला कळली नाही. त्याच्या नळाला चोवीस तास पाणी असते.

आणि तेव्हा मी आणि सुधाने सराव केला. टँकर निघून गेले की शेजारच्या मोकळ्या मैदानात जो चिखल उरे, त्यात टँकरवाल्याच्या देखरेखीखाली, माणसांपासून दूर, बैलाच्या चालीने. सुधा मुद्दाम शेपूट सोडी आणि हसत परत आणी. मी ते सुटू नये याचा सराव करी. मला वाटते, आम्हा दोघांच्या पुढच्या आयुष्यांचे वर्णन याहून वेगळे करता येणार नाही.

साळुंके साहेब आले त्या दिवशी सकाळी मी करमाडला जाऊन पाणी भरून आणले होते आणि घागरी मोटारीतच होत्या. दुपारी पश्चिमेकडून ढग आले. ढग त्या वर्षी रोज येत आणि उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यासारखे तोंड दाखवून निघून जात, म्हणून कोणी वर पाहिले नाही. दारात जीप थांबली. चालवत मालती होती. साहेब उतरले: खाकी पँट, पांढरी मिशी, हातात काळी छत्री. त्यांनी आमच्याकडे पाहण्याआधी मोटारीचे टायर पाहिले, वाकून नखाने नक्षीची खोली चाचपली आणि मग हात जोडले. त्यांचे हात जोडलेले असतानाच पाऊस कोसळला.

तो पाऊस काही दुष्काळ मोडणारा नव्हता. तासाभरात आला तसा गेला. पण त्या तासाभरात आमच्या गल्लीत स्वागताचे सारे नियम मोडले. आई पाहुण्यांना "बसा" म्हणता म्हणता परात घेऊन अंगणात धावली. सुधा बादल्या मांडू लागली. मालतीने क्षणभर पाहिले, पदर खोचला आणि तीही आमच्या पन्हाळीखाली आमचाच हंडा धरून उभी राहिली. मुलगी दाखवण्याचा असा कार्यक्रम मी अन्यत्र पाहिलेला नाही.

मामा साहेबांना म्हणाले, "पाऊस थांबू द्या की, मंग बघा गाडी."

"पाऊस आहे म्हणूनच आत्ता," साहेब म्हणाले. "कोरड्यात काय, कोणीही चालवतं. चला."

आईला तेव्हा भान आले. "अगं बाई, बापू, त्या घागरी उतरव आधी! पाहुणे काय म्हणतील, पावसात पाणी घेऊन फिरतात म्हणून!" मामा दावे सोडायला गेले. आणि मी, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, पुढे-मागे काहीही न जोडता एक वाक्य बोललो:

"घागरी राहू द्या."

"आरं येडा का काय! आभाळ फाटलंय, अन् तू पानी घेऊन कुठं चाललास?"

मला ते समजावून सांगता आले नसते. माझ्या पायाला मोटार कळत नव्हती, घागरी कळत होत्या. घागरी नसल्या तर तो पाय कोणाचे ऐकणार होता? साहेबांनी मागे वळून ओरखड्यापर्यंत भरलेल्या घागरींकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ते डावीकडे बसले. छप्पर नव्हते, म्हणून त्यांनी छत्री उघडली. ती त्यांच्यापुरतीच होती. तिच्या काडीवरून निथळणारे पाणी नेमके माझ्या मानेत पडत होते. मालती हंडा धरून पन्हाळीखालून आमच्याकडे पाहत होती. ही मोटार नीट परत आली नाही तर तो हंडा धरणारे हात मला पुन्हा दिसणार नव्हते, एवढे मला स्पष्ट कळत होते.

आम्ही जालना रस्त्याला लागलो. साहेब फक्त "डावीकडे", "सरळ", "थांबवा" एवढेच बोलत. 'थांबवा' ते अचानक म्हणत. मी थांबवी, आणि मागे घागरींत नुसते 'डुब' असा आवाज होई. दर वेळी साहेबांची मिशी जरा हले. मग टँकरचे ते वाकण आले. मी सरळ रस्त्यावरच वेग उतरवला, पाय स्थिर केला, वळण घेतले, आणि पाहतो तो काय, रस्त्यावर भांडीच भांडी. पलीकडच्या झोपड्यांना पन्हाळी नव्हत्या. बायकांनी पाणी धरायला कळशा, पातेली, पराती, हंडे सरळ डांबरी रस्त्यावर आणून मांडले होते. सपाट आणि मोकळी जागा तेवढीच होती. भांड्यांच्या रांगेतून एका बैलगाडीएवढी फट होती आणि त्या फटीच्या अलीकडे ते चकचकीत, काळे लोणी.

"ए बाबा! भांडी! भांडी!" एक बाई दोन्ही हात पसरून ओरडली.

शेपूट सुटले. मला ते पाठीला कळले. माझ्या खालून कोणीतरी सतरंजी ओढावी तसे. सगळे अंग म्हणत होते, ब्रेक मार. पण ब्रेक मारला की घागरी उपड्या होतात आणि अंघोळ जाते, हे माझा पाय माझ्याआधी शिकलेला होता. तो अलगद वर आला. हातांनी स्टिअरिंग शेपटीच्या बाजूला जरासे दिले. मी कळशांकडे पाहिले नाही, पातेल्यांकडे पाहिले नाही. मी फटीकडे पाहिले. मोटार क्षणभर तिरकी, लाजल्यासारखी चालली आणि मग सरळ झाली. फटीतून जाताना मागच्या चाकाने कडेच्या एका पितळी तांब्याला नुसता स्पर्श केला. 'टण्' असे वाजले. तांब्या स्वतःभोवती फिरला आणि उभाच राहिला.

विज्ञानाचा माणूस म्हणून इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे, नाहीतर माझा नातू डिकीत हंडे भरून निघायचा. मागे वजन असले की मागच्या चाकांना धरायला मदत होते हे खरे, पण तेच वजन एकदा जोराने सुटले तर गाडीला अधिक वेगाने फिरवते. मला घागरींच्या वजनाने वाचवले नाही. घागरींच्या धाकाने वाचवले.

साहेब एवढेच म्हणाले, "घरी चला."  तांब्या वाजला होता, आणि परीक्षकापुढे मोटारीचा कशालाही स्पर्श झाला की निकाल काय असतो, हे मला ठाऊक होते. छत्रीचे पाणी मानेत पडतच होते. ते आता थंडही लागेना.

घरी आलो तेव्हा पाऊस ओसरला होता. आई, पाहुणे उतरायच्या आधी, सवयीने मोटारीच्या मागे गेली आणि घागरीत डोकावली. मग दुसरीत. मग तिने मला विचित्र नजरेने पाहिले. मोटारीला छप्पर नव्हते, घागरींवरचे फडके कधीच वाऱ्याने उडाले होते. पाणी ओरखड्याच्या वर चढून काठोकाठ आले होते. गेल्या त्याहून जास्त भरून घागरी परत येण्याची ही पहिलीच वेळ, आणि आईच्या वाहतूक खात्यात यासाठी कलम नव्हते.

मी ओसरीच्या पायरीशी निथळत उभा होतो. मालती हंडा ठेवून आली. तिचे केस कपाळाला चिकटलेले होते.

"ते टँकरचं वळण लागलं का?" तिने विचारले. वडिलांना ती दादा म्हणे. "दादा सगळ्यांना तिथंच नेतात."

"लागलं."

"सुटली मागून?"

"थोडी."

"मग?"

"पाय उचलला. हळूच."

"ब्रेक?"

"नाही."

तिने मान हलवली आणि ती आत गेली. आमचे हे पहिले संभाषण. सुधा खांबाआडून ते ऐकत होती. पुढे कितीतरी वर्षे ती ते दोन्ही आवाज काढून घरात करून दाखवत असे.

साहेब ओसरीवर बसले होते. आईने त्या काठोकाठ भरलेल्या घागरीतून तांब्या भरला, ताटलीत ठेवला आणि पदर सावरून त्यांच्यापुढे धरला. दुष्काळात कोणी तांब्याभर पाणी पुढे करणे म्हणजे काय असते, ते त्या काळी प्रत्येकाला कळत होते.

साहेबांनी हात आडवा केला. "नको. इथलं पाणी नको."

आईचा चेहरा उतरला. मामा उठून उभेच राहिले. "पावणं, गाडीचं काय असंल ते असंल. पर पान्याला नाय म्हणू नका. पान्याचा काय गुन्हा हाय?"

 साहेबांनी छत्री भिंतीला टेकवली, चपला घातल्या आणि ते अंगण ओलांडून निघाले. मला वाटले, जीपकडे. पण ते जीपच्या बाजूने पुढे गेले, गल्ली ओलांडून समोरच्या घराच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी कडी वाजवली. दार उघडले. आमच्या ओसरीवरून ऐकू येईल अशा, उभ्या जन्मात लायसन्सच्या रांगा सरळ केलेल्या आवाजात ते म्हणाले, "बाई, तांब्याभर पाणी मिळेल का? फार तहान लागलीय."

आईच्या हातातली ताटली तशीच होती. ती समोरच्या दाराकडे पाहत राहिली. तिथे याआधी असेच उभे राहून पाणी पिणारा माणूस तिला आठवत होता. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आले. तेवढे पाणी त्या वर्षी तिने कशावरही खर्च केले नव्हते.

मामांना सर्वांत शेवटी कळले. "अक्का," ते एकदम ओरडले, "आगं, बघत काय बसलीस? साखर आण, साखर! भाच्या, उभा काय तू, पाया पड! नाय, आधी अंग पूस!"

साहेब परत आले, बसले आणि त्यांनी फक्त एवढेच सांगितले की तांब्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. पण तो तांब्या मुळात रस्त्यावर ठेवायला नको होता.

लग्नानंतर दोन पावसाळे ते येत, ओसरीवर बसत, मोटारीचे टायर तपासत, आणि तहान लागली की समोरच्या घरी जात. आमची थोरली जन्मली त्या दिवशी ते दवाखान्यातून थेट घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "विहीणबाई, पाणी." आईने तांब्या काठोकाठ भरून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी वर धरून, ओठ न लावता, एका दमात संपवला. आईने सवयीने खाली फरशीकडे पाहिले. एक थेंबही सांडला नव्हता.